मत्स्यन्याय

शाळेच्या वार्षिक अंकात निसर्गावर लिहावयाचे म्हणजे पहाट, पाऊस, नाही तर पौर्णिमेचे चांदणे, असा जणू नियमच होऊन बसला आहे. त्याविरुद्ध आमची तक्रार नाही. पहाट सुंदर असते, आणि तिच्यावर कितीही निबंध लिहिले गेले तरी ती उगवण्याचे सोडीत नाही. परंतु ज्या दवबिंदूंनी कोळ्याचे जाळे मोत्यांच्या सरासारखे चमकू लागते, त्याच जाळ्याच्या मध्यभागी आठ पायांचा एक धनी न्याहारीची वाट पाहत बसलेला असतो, ही गोष्ट त्या वर्णनांतून नेहमी निसटते. फुलावर बसलेले फुलपाखरू सर्वांना दिसते. पण त्याच फुलाखाली पुढचे दोन पाय जोडून, नमस्काराच्या पवित्र्यात, घटकान्‌घटका निश्चल उभा असलेला हिरवा प्रार्थनाकीटक कोणाची वाट पाहत आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ती चौकशी आज करावी, असा आमचा विचार आहे.

एका जातीच्या प्राण्याने दुसऱ्या जातीच्या प्राण्याला खावे, हे आपल्या मनाला फारसे खटकत नाही. वाघाने हरिण मारले, घारीने उंदीर उचलला, सरड्याने माशी टिपली, की आपण क्षणभर हळहळतो आणि ‘चालायचेच’ म्हणून पुढे जातो. मात्र प्राणी स्वतःच्याच जातीला खातो असे ऐकले, म्हणजे अंगावर काटा उभा राहतो. सापीण आपली पिले खाते, मांजरी आपली पिले खाते, विंचवाची पिले जन्मदात्रीलाच पोखरून खातात, अशा समजुती घरोघरी ऐकावयास मिळतात. आणि त्या सांगणाऱ्याच्या आवाजात माहितीपेक्षा निषेधच अधिक असतो. जणू निसर्गाच्या कचेरीत या प्राण्यांवर खटला भरलेला आहे आणि निकालही आधीच लागलेला आहे!

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही विद्यार्थ्यांसह येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो होतो. तेथे एका पालथ्या दगडाखाली एक विंचवी निघाली. तिच्या पाठीवर पांढुरक्या रंगाची इवलीशी पिले दाटीवाटीने बसलेली होती. ‘आता ही तिला खाणार!’ असे एक मुलगा मोठ्या खात्रीने म्हणाला. आम्ही दगड हळूच होता तसा ठेवला आणि खरी हकीकत सांगू लागलो. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या एका किडकिडीत मुलाने विचारले, ‘सर, म्हणजे बळी तो कान पिळी हाच सृष्टीचा कायदा ना?’ त्याच्या आवाजात जिज्ञासा होती, पण तेवढीच नव्हती. वर्गातील दोन दांडगी मुले यावर मोठ्याने हसली, आणि त्या हसण्यातच त्याच्या प्रश्नाचे मूळ आम्हांला दिसले. सायंकाळ होत आली होती, गड उतरावयाचा होता, आणि असल्या प्रश्नाचे उत्तर चालता चालता देण्याजोगे नसते. ते येथे सावकाश देण्याचा प्रयत्न करतो.

आरंभ त्या विंचवीपासूनच करू. विंचवी अंडी घालीत नाही; ती जिवंत पिलांना जन्म देते. जन्मताच पिले तिच्या पायांवरून चढून पाठीवर जातात आणि पहिली कात टाकीपर्यंत तेथेच राहतात. या काळात ती आईचा लचकाही तोडीत नाहीत. स्वतःच्या शरीरात साठलेल्या अन्नावर त्यांचे भागते. पुढे कात टाकून, नांगी कामास येऊ लागली, की ती उतरून आपापल्या वाटेने जातात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही आपली म्हण या दृष्टीने शास्त्रशुद्धच म्हणावयास हवी. उलट, फार उपाशी असलेली आईच एखादे पिलू खाऊन टाकते, असे मात्र पाहण्यात आले आहे. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी पिलांना दोषी धरले, तो त्यांनी केलेलाच नाही.

आणि जेथे पिले आईला खरोखरच खातात, तिकडे कोणाचे लक्षही गेलेले नाही. आपल्या दख्खनच्या पठारावर काटेरी झुडपांवर आणि कुंपणांवर करड्या जाळ्यांची गचपणे दिसतात. ‘स्टेगोडायफस’ या कुळातील, वसाहत करून राहणाऱ्या लहान कोळ्यांची ती घरे होत. या कुळातील मादी पिले अंड्यांतून निघाल्यावर आरंभी त्यांना आपल्या तोंडातून पातळ अन्न भरविते. तसे करता करता तिच्या शरीराचे आतील भागच हळूहळू विरघळू लागतात. शेवटी पिले तिच्या अंगावर चढतात आणि तिला शोषून घेतात. मागे उरते ते रिकामे कवच. ती पळत नाही, प्रतिकार करीत नाही. जगात पहिले पाऊल टाकणाऱ्या त्या जिवांना आईचा देह हीच शिदोरी असते. आता या पिलांना कृतघ्न म्हणावयाचे, की या मातेला धन्य म्हणावयाचे? खरे पाहता दोन्ही शब्द आपल्या घरचे आहेत. कोळ्याच्या घरात त्यांतला एकही चालत नाही.

सापिणीवरील आरोपही असाच तपासून पाहण्याजोगा आहे. बहुतेक साप अंडी घालून निघून जातात. पिले बाहेर येतात त्या वेळी आई जवळपास असतेच असे नाही. मग ती पिले खाण्यासाठी टपून बसणार कोठून? सर्पकुळात या बाबतीत निराळा आहे तो नागराज. पश्चिम घाटाच्या दाट जंगलांत त्याचे वास्तव्य असते. २०२४ साली शास्त्रज्ञांनी या घाटातील नागराजाला स्वतंत्र जात मानून, कन्नड भाषेतील त्याच्या जुन्या नावावरून ‘कालिंगा’ असे नाव दिले. याचा मुख्य आहार म्हणजे इतर साप. क्वचित प्रसंगी तो दुसऱ्या नागराजालाही गिळतो. परंतु याच जातीची मादी वाळका पाचोळा अंगाने ओढून घरटे रचते, त्यात अंडी घालते आणि कित्येक आठवडे त्यांच्यावर पहारा करते. पिले निघण्याच्या सुमारास ती घरटे सोडून जाते. सर्पभक्षक आणि अंड्यांचा राखणदार, या दोन्ही भूमिका एकाच देहात सुखाने नांदतात.

तर मग स्वजातीयांना खाण्याचा हा प्रकार घडतो तरी का? याचे एकच कारण सांगता येत नाही, आणि आमच्या मते याच ठिकाणी विचाराला खरी सुरुवात होते.

पहिले कारण भूक आणि दाटी. घरातील पिठाच्या डब्यात तांबूस रंगाचे बारीक भुंगेरे होतात, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. रॉयल चॅपमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने या भुंगेऱ्यांवर केलेले प्रयोग १९२८ साली प्रसिद्ध झाले. ठरावीक वजनाच्या पिठात आरंभी भुंगेरे थोडे सोडा की अधिक, काही काळाने दर ग्रॅम पिठामागे त्यांची संख्या जवळजवळ सारखीच होते, असे त्याला आढळले. याचे एक मोठे कारण असे, की दाटी वाढली म्हणजे पीठ पोखरीत फिरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या वाटेत स्वजातीची अंडी अधिकाधिक येतात, आणि पिठाबरोबर तीही खाल्ली जातात. कोणी कोणाचा वैरी नसतो; डबा तेवढा लहान असतो.

दुसरे कारण वंशवृद्धीचे. प्रार्थनाकीटकाची मादी मीलनाच्या वेळी नराला खाते, ही गोष्ट फ्रान्समधील कीटकशास्त्रज्ञ झाँ-आंरी फाब्र याच्या रसाळ लेखनामुळे जगभर पसरली. पण पुढील निरीक्षकांना असे दिसून आले, की मादीला पोटभर अन्न मिळाले असेल, तर हा प्रकार पुष्कळच कमी होतो. आणि जेथे तो घडतो तेथे काय होते? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नरांच्या शरीरात किरणोत्सर्गी खूण घालून तिचा माग काढण्यात आला. खाल्लेल्या नराच्या देहातील द्रव्य मादीच्या अंड्यांत उतरले होते. नराचा बळी गेला हे खरे, पण त्याच्या देहाचा अंश त्याच्याच संततीच्या पोषणास लागला.

‘सँड टायगर’ नावाच्या शार्क माशाची कथा तर याहूनही विलक्षण आहे. या मादीला दोन गर्भाशये असतात. प्रत्येकात अनेक गर्भ वाढू लागतात. परंतु जो सर्वांत मोठा होतो तो आईच्या उदरातच आपल्या भावंडांना खातो, आणि नंतर उरलेल्या अंड्यांवर पोसला जातो. जन्माला येतात ती दोनच पिले, पण ती सुमारे एक मीटर लांबीची, समुद्रात पोहण्यास पूर्ण समर्थ अशी. १९४८ साली स्ट्यूअर्ट स्प्रिंगर या शास्त्रज्ञाने या गर्भांची माहिती प्रसिद्ध केली. ही मादी तपासताना तिच्या पोटात हात घातला असता आतील न जन्मलेल्या पिलानेच त्याला दंश केला होता!

तिसरे कारण स्पर्धेचे, आणि त्याचे उदाहरण आमच्या बेळगावपासून फार दूर नाही. युकिमारू सुगियामा हे जपानी शास्त्रज्ञ १९६१ पासून सुमारे दोन वर्षे धारवाडच्या परिसरात काळतोंड्या वानरांचा अभ्यास करीत होते. १९६२ साली त्यांच्या डोळ्यांदेखत नरांच्या एका टोळीने एका कळपावर हल्ला केला. जुना हुप्प्या हाकलला गेला, टोळीतील एकाने कळप ताब्यात घेतला, आणि त्यानंतर कळपातील अंगावर पिणारी पिले त्याच्या दातांना बळी पडली. येथे खाण्याचा प्रश्न नव्हता. पिले मारून टाकून दिली होती. वानरासारख्या प्राण्याने असे करावे, यावर पुष्कळ शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. दाटीमुळे बिघडलेले वर्तन, अशी त्याची वासलात लावण्यात आली. पुढे १९७० नंतरच्या दशकात सारा ब्लॅफर हर्डी या अमेरिकन विदुषीने अबूच्या पहाडावर हेच घडताना नोंदले आणि त्याची संगती लावली. पिलाला पाजणारी मादी लवकर पुन्हा गरोदर राहत नाही. पिलू गेले की राहते. नव्या हुप्प्याची सत्ता थोड्या वर्षांची, म्हणून दुसऱ्याची संतती दूर करून तो स्वतःच्या संततीस वाट करून देतो. या मतावर कित्येक वर्षे कडाक्याचा वाद झाला. १९९९ साली नेपाळमधील रामनगर येथील वानरांच्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मारणारे नर मेलेल्या पिलांचे पिते नव्हते, असेच आढळले.

हे वाचून आमच्या त्या किडकिडीत विद्यार्थ्याचे मन आणखी खचेल. तेव्हा हर्डीबाईंनीच नोंदलेली दुसरी गोष्ट येथे सांगितली पाहिजे. अबूच्या त्याच कळपांत पिलावर हल्ला होताच काही माद्या मध्ये पडत. त्यांत वृद्ध माद्या पुढे असत. ज्यांना स्वतःला आता पिले होण्याची शक्यता नव्हती अशा म्हाताऱ्या, अंगाने आपल्याहून कितीतरी बलवान अशा नरावर धावून जात. प्रत्येक वेळी पिलू वाचले असे नाही. पण सृष्टीच्या कायद्यात केवळ बळाचेच कलम आहे असे जो म्हणतो, त्याने ते पुस्तक अर्धेच वाचले आहे.

आता माणसाकडे वळू. कारण स्वजातीयभक्षणाची सर्वांत मोठी आणि सर्वांत निरर्थक कथा जंगलात घडलेली नाही. गाय ही गवत खाणारी. तिच्या हजारो पिढ्यांत मांसाचा घास तिच्या तोंडी गेला नाही. परंतु इंग्लंडमध्ये दूध आणि वजन वाढविण्यासाठी, कत्तलखान्यात उरलेले गुरामेंढरांचे मांस आणि हाडे यांची भुकटी गुरांच्या खाद्यात मिसळण्याची पद्धत रूढ झाली होती. १९८६ साली तेथे गुरांचा एक नवा रोग ओळखण्यात आला. गाई थरथरत, अडखळत, कोसळत. त्यांच्या मेंदूला स्पंजासारखी छिद्रे पडलेली असत. रोगाचे मूळ होते प्रिऑन नावाची बिघडलेली प्रथिने. ती साध्या उष्णतेने नष्ट होत नाहीत. रोगी गाईचे अवशेष भुकटीतून निरोगी गाईच्या पोटात जात आणि रोग पसरे. १९८८ साली असल्या खाद्यावर बंदी आली. तरी ब्रिटनमध्ये १ लाख ८० हजारांहून अधिक गुरांना हा रोग झाल्याचे सिद्ध झाले आणि ४० लाखांहून अधिक जनावरे मारून टाकावी लागली. १९९६ साली हा रोग माणसांतही उतरला असल्याचे जाहीर झाले, आणि त्या देशात पावणेदोनशेहून अधिक माणसे त्यास बळी पडली.

भुंगेरा अंडे खातो तो दाटीमुळे, मादी नराला खाते ती बहुधा भुकेपोटी, हुप्प्या पिले मारतो तो वंशापोटी. या प्रत्येकाला एक मर्यादा आहे. पोट भरले, दाटी ओसरली, की दात थांबतात. गाईला गाय खाऊ घालणाऱ्याला भूक नव्हती. त्याला खर्चात बचत करावयाची होती, आणि बचतीच्या इच्छेला पोट नसल्यामुळे ती भरत नाही. प्राण्यांच्या भक्षणाला क्रूर म्हणताना आपण ज्या शब्दाची इतकी उधळपट्टी करतो, तो शब्द अशा ठिकाणी वापरण्यासाठी राखून ठेवावा, असे आम्हांला वाटते. कारण येथेच निवड करण्याची मोकळीक होती. कोळ्याच्या पिलाला ती नसते. आणि १९८८ साली बंदी घालून तो प्रकार थांबविला तोही माणसानेच, हे विसरता कामा नये.

आपल्या पूर्वजांनी याला फार नेमके नाव दिले होते: मत्स्यन्याय. मोठा मासा लहान माशाला गिळतो तशी जेथे बलवंताने दुर्बलाला गिळण्याची स्थिती असते, ती अराजकाची स्थिती, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि महाभारताच्या शांतिपर्वात मांडले आहे. मत्स्यन्याय टाळण्यासाठीच राजा आणि दंड हवा, असा त्यांचा विचार. बंगालमधील पाल राजघराण्याच्या खालिमपूर येथील ताम्रपटात तर, मत्स्यन्यायाला कंटाळून लोकांनी गोपाल यास राजा केले, असा उल्लेख आहे. ही गोष्ट आठव्या शतकातली. ‘न्याय’ हा शब्द जोडलेला असूनही आपल्या परंपरेने मत्स्यन्यायाला कधी न्याय मानले नाही. तो टाळण्याची गोष्ट मानली. माशांचे चालते म्हणून माणसांचे चालावे, असे त्या ग्रंथकारांना वाटले नाही.

परंतु माशांवर तरी हा आरोप कितपत खरा आहे? आपल्याकडच्या तळ्यांत मरळ नावाचा मासा असतो. तो हवेतही श्वास घेऊ शकतो, म्हणून बाजारात पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहतो. लहान मासे, बेडूक जे मिळेल ते गिळणारा हा खादाड शिकारी. तरी वीण झाली म्हणजे हाच मासा आपल्या तांबूस पिलांच्या थव्याखाली पहारा करीत फिरतो आणि जवळ येणाऱ्या शत्रूवर धावून जातो. मात्र हीच पिले मत्स्यपालकाने लहान हौदात कोंबली, त्यांना अन्न कमी पडले, आणि काही पिले इतरांहून मोठी झाली, की मोठी पिले लहानांना गिळू लागतात. म्हणून जाणता मत्स्यपालक पिलांना वेळेवर पोटभर अन्न देतो, पुरेशी जागा देतो आणि मोठी पिले लहानांपासून वेगळी काढतो. नदीत लहान पिलाला निसटून जाण्यास वाट असते. हौदात ती नसते.

शाळा, वसतिगृह, चाळ, कारखाना हेही एक प्रकारचे हौदच आहेत. लहानांना तेथून पळून जाता येत नाही. अशा जागी कोणी कोणाचा कान पिळू लागला, तर तो सृष्टीचा कायदा पाळीत आहे असे म्हणून त्याला मान देऊ नये. त्या हौदाची देखभाल करणारा कोठे गेला, असे विचारावे. हा प्रश्न जितका शिक्षकांना आहे, तितकाच वरच्या वर्गांतील थोरल्या मुलांनाही आहे. पिलांच्या थव्याखालून पोहणारी मरळ ही तळ्यातील सर्वांत दांडगी असते. त्या दिवसांत तिचा दांडगेपणा पहाऱ्याच्या कामी येतो.